कौशल्याबाईच्या वीस फेऱ्या

चिंचवडच्या जुन्या हौदात पुरुषांनी पोहायचं आणि बायकांनी काठावर बसून त्यांचे कपडे राखायचे, ही वाटणी कुणी केली होती देव जाणे. हौद पेशवाईतला, दगडी, चाळीस हात लांब, पाणी बारमाही. रविवार उजाडला की गावातले सोडाच, पिंपरीच्या नव्या कारखान्यातले कामगारसुद्धा सायकली हाणत यायचे. बाप फेऱ्या मारत, पोरगे उड्या टाकत, आणि बायका-पोरी भाकरीची गाठोडी घेऊन पायऱ्यांवर ताटकळत. याला म्हणे सहकुटुंब करमणूक!

कौशल्याबाईही दहा वर्षं अशीच बसली. पण गेल्या भादव्यात तिची नऊ वर्षांची इंद्रायणी पवनेच्या घाटावर धुणं पिळताना घसरली. काठावर तिच्याखेरीज अकरा बायका होत्या. सगळ्या जन्मभर नदीवर आलेल्या, आणि एकीलाही पोहता येत नव्हतं. कौशल्याबाईचं माहेर चाकणकडचं. तिला बापानं लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकललं होतं, म्हणून तिनं उडी घेतली आणि पोरगी हाती लागली. त्या दिवसापासून तिनं मनाशी पक्कं केलं, गावातल्या पोरींना पोहता आलंच पाहिजे. नदीला ओढ, विहिरी खोल. शिकायचं तर हौदातच.

ती थेट हौदाच्या कमिटीपुढं जाऊन उभी राहिली. कमिटीचे पुढारी मालोजीराव. त्यांना सरळ नाही म्हणता येत नसे, वाकड्या वाटेनं मात्र छान म्हणता येई.

"पोरी पाण्यात सोडायच्या म्हंजी राखायला पट्टीची पोहणारी बाई नको व्हय, वहिनी?" ते म्हणाले. "ह्या बबनरावानं हौदाची राखण घेतली तवा न थांबता वीस फेऱ्या मारून दाखवल्या. तुमी मारा. जमलं तर रविवारची सकाळ बायकांची. न्हाई जमलं तर इषय बंद."

"मारते की," कौशल्याबाई म्हणाली.

तिचा नवरा दत्तोबाही कमिटीपुढं तिच्याबरोबर होता. उंबऱ्यात आल्यावर त्याला कंठ फुटला. "अगं, समदं गाव बघंल."

"बघू द्या. बघायलाच बोलावलंय."

महिनाभर ती मळ्यातल्या विहिरीत गोल गोल पोहत राहिली. चैत्रातल्या एका रविवारी सकाळी लुगड्याचा कासोटा घट्ट आवळून, पदर कमरेला खोचून ती हौदात उतरली. पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बबनराव गळ्यात शिट्टी अडकवून, मुठीत चिंचोके घेऊन मोजायला बसला.

इथं एक घोटाळा झाला होता आणि तो कुणाच्या ध्यानातही आला नव्हता. हौदावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं की एक फेरी धरत, आणि बबनराव तेवढ्याला एक चिंचोका बाजूला टाकत होता. पण हे कौशल्याबाईला सांगितलं कुणी? तिची देवळाची फेरी निघाल्या जागी येऊन मिटायची, बाजाराची फेरी घरी परत आल्यावर संपायची. तिच्या लेखी गेलं आणि आलं, तेव्हा कुठं एक.

त्यामुळं बबनरावानं विसावा चिंचोका टाकून शिट्टी फुंकली, तेव्हा कौशल्याबाईच्या मनात आकडा होता दहा. काठावर एकच गलका उठला. "झालं! बाहेर या!" म्हणून माणसं हात हलवू लागली. कानात पाणी गेलेल्या कौशल्याबाईला शब्द कळले नाहीत, हातवारे तेवढे दिसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेले, दहालाच बाहेर काढतात! म्हणजे गावभर सांगायला मोकळे, बाईला निम्म्याच झेपल्या! तिनं भिंतीला लाथ मारली आणि ती पुन्हा निघाली.

"गप रं, बबन," मालोजीराव घाईनं म्हणाले. "फेरी म्हंजी जाऊन-येऊन. दहाच झाल्यात."

"मग माज्या बी दहाच धरा की त्या वक्ताच्या," बबनराव म्हणाला.

मालोजीरावांना ते ऐकू आलं नाही. बाई आता दमून सोडेल, हा त्यांचा डाव. पण जिला अडवायचं, ती त्यांचा हा नवा नियम पहिल्या फेरीपासूनच पाळत होती. आता याला कोण काय करणार!

चौदाव्या फेरीला तिच्या पोटरीत गोळा आला. त्या क्षणी ती घाबरली, खरंच घाबरली. एक पाय दगडासारखा जड झाला. हात पुढं टाकावा तर खांदा निखळतोय असं वाटे. पण आज बाहेर पडलं तर गावातल्या पोरींना हे पाणी पुन्हा कधी मिळायचं नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. ती पाठीवर वळली आणि एका पायानं पाणी मारत सरकत राहिली. सोळा. सतरा. दत्तोबा पाण्यालगतच्या पायरीवर येऊन उभा होता.

विसावी फेरी संपवून तिनं कड धरली. "झाल्या का?" तिनं विचारलं.

"तुमच्या हिशेबानं वीस, बाई," बबनराव म्हणाला. "हौदाच्या हिशेबानं चाळीस. मी मारल्या होत्या त्याच्या दुप्पट."

कौशल्याबाईनं डोळे वटारले. "मग आदी सांगाया तोंड नव्हतं का, मेल्या?"

पायऱ्यांवर हशा उसळला. मालोजीरावांनी घसा खाकरला. "बरं तर. पुढच्या रविवारपासनं..."

"पुढच्या कशाला?" ती म्हणाली. "आज काय सोमवार हाय?"

मालोजीराव पायरीवरून बाजूला सरले. तिनं काठावर उभ्या इंद्रायणीला हाक मारली. पोरगी दुसऱ्या पायरीवर थबकली. पाणी घोट्याला लागताच तिनं पाय मागं घेतला. कौशल्याबाईचे दंड आता वर उचलत नव्हते. तिनं ते पाण्याखालीच पसरले आणि लेकीला त्यांच्यावर पालथं घेतलं.

"मार पाय, इंदे," ती म्हणाली. "आजून जोरात."