लांडगिणीच्या गळ्यातला पट्टा

मी एक जुना गळपट्टा आहे. पाळीव कुत्र्याचा नव्हे. आपेनिनच्या डोंगरातल्या एका लांडगिणीचा. माझ्या पोटात छोटा रेडिओ होता. ती हिंडत असली की मी संथ टिकटिक पाठवायचो. चार तास ती हललीच नाही, तर टिकटिक घाईची व्हायची. मित्रांनो, त्या घाईचा अर्थ बहुधा मरण असाच असतो.

एके काळी इथले लांडगे संपत आले होते. आता ते पुन्हा कुठे वस्ती करतात, हे शोधायला संशोधक ओर्नेल्लाबाईंनी मला तिच्या गळ्यात बांधलं. दोन वर्षं त्यांनी माझं फार कौतुक केलं.

मार्चमधल्या एका सकाळी माझी टिकटिक घाईची झाली. बर्फाने रस्ता बंद होता. टिकटिक ज्या घळीतून येत होती, तिथली वाट फक्त एव्हारिस्तो या म्हाताऱ्या मेंढपाळाला ठाऊक होती.

"मेली असेल तर सुटलो, डॉक्टरीणबाई! माझ्या नऊ मेंढ्या फाडल्यात तिनं."

"काका, या दिवसांत ती गाभण असेल. चला ना."

कुरकुरत का होईना, तो निघाला.

ती तारेच्या फासात होती. तार माझ्यावर बसली होती, म्हणूनच ती जिवंत होती. पण आता तार माझ्या चामड्यात रुतून आम्हा दोघांना आवळत होती. तिची घरघर मला ऐकू येत होती.

"भूल देणारे जनावरांचे डॉक्टर दोन तासांनी पोचतील," बाई म्हणाल्या.

"तोवर जगतेय होय!" एव्हारिस्तोने टोकाला दोन फांटे असलेल्या दुबेळक्याच्या काठीने तिची मान बर्फात दाबून धरली.

बाईंची कातरी माझ्यापाशी येऊन थांबली. मला कापल्याशिवाय तार सुटणार नव्हती.

"बघताय काय? कापा की!"

"हा पट्टा कापला तर ती पुन्हा सापडायची नाही."

"नाही सापडली तर नाही सापडली!"

कातरी चालली. लांडगीण धडपडत झाडीत शिरली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

एव्हारिस्तोने तार उचलली आणि बराच वेळ तिची गाठ न्याहाळली. "ही माझीच. रानडुकरासाठी लावली होती."

बाईंनी तार त्याच्या हातून काढून घेतली. "अजून किती आहेत?"

"सहा."

"दाखवा."

दिवस मावळेपर्यंत त्यांनी सहाही फास उपटले. उतरताना म्हातारा म्हणाला, "कळपाकडे फिरकली तर कुत्रे सोडीन हां!"

"खुशाल सोडा."

आता मी बाईंच्या कचेरीत खिळ्याला टांगलेला आहे. ती कुठे आहे, तिला पिल्लं झाली का, मला ठाऊक नाही. मित्रांनो, रानात तार दिसली तर हात लावू नका, पण मोठ्यांना जरूर सांगा. आपण कुणाला धरलंय हे तारेला कळत नाही. ते लावणाऱ्यानेच आधी जाणायला हवं.