नकाशात राब नाही

आमच्या ऑफिसात नवं काही आलं की आधी पेढे येतात, मग डोकेदुखी. या वेळी पेढ्यांनाही काट मारली होती. मुंबईच्या मुख्य ऑफिसातून रंजिता मॅडमचा थेट ईमेल आला. कामाला लागणारी आवश्यक साधनं आता नक्की झाली आहेत, यापुढे सगळे नकाशे आणि सगळं विश्लेषण एकाच नव्या सॉफ्टवेअरमध्ये होईल, आणि कॉम्प्युटरवरची बाकीची सॉफ्टवेअरं शुक्रवारपर्यंत काढून टाकावीत.

बाकीची म्हणजे माझी. मी शहापूरच्या या संस्थेत नकाशे करते. गावाच्या समितीला स्वतःचं जंगल सांभाळायचा आराखडा करून द्यायचा, हे आमचं काम. त्यासाठी माझ्या जुन्या लॅपटॉपवर आकडे मांडायला साधी स्प्रेडशीट आहे, नकाशाला फुकटातलं क्यूजीआयएस आहे, आणि फोनमध्ये जागा टिपायचं एक ॲप आहे जे नेटवर्क नसलं तरी चालतं. कुणी नाक मुरडलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. किन्हवलीच्या आत आमच्या पाड्यावर नेटवर्क हवं तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि टाकीवर बसून नकाशे होत नाहीत.

संदेश सर हे आमच्या शहापूर ऑफिसचे प्रमुख. माणूस मुरबाड तालुक्यातला, म्हशाजवळच्या गावचा, पण मुंबईला शिकून आल्यापासून त्यांच्या तोंडी ‘नाय’ कधी येत नाही. कितीही चिडले तरी ‘नाही’च. तसे वाईट नाहीत. म्हशाची जत्रा भरली की सगळ्या ऑफिसला घरी जेवायला नेतात. त्यांची आई पोट फुटेस्तोवर वाढते, आणि हात धुवायला मागच्या दारी गेलं की विहीर, विहिरीवर वाकलेला आंबा आणि त्यापलीकडचं खाचर कौतुकानं दाखवते. यंदाही तिनं दाखवलं होतं.

“हट्ट सोड भूमिका,” सर म्हणाले. “एकदा उघडून तर बघ.”

उघडलं. खोटं कशाला बोलू, आवडलं. मला आठवडा लागतो ते काम त्यानं चहा गार व्हायच्या आत केलं. उपग्रहाचे फोटो त्यानं स्वतःच आणले, स्वतःच वाचले आणि शहापूर, मुरबाड दोन्ही तालुक्यांभर रंग भरून टाकले. जंगल हिरवं, शेती पिवळी, पाणी निळं, वस्ती करडी. मी खूश होऊन माझ्याच गावावर गेले, आणि तिथं गावाभोवती देवी आल्यासारखे लाल ठिपके उठले होते. ठिपक्यावर बोट ठेवलं की अक्षरं उमटत होती, ‘जळालेलं जंगल’.

मी फोटो मोठा करून पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. ते आमचे राब होते. राब ज्याला ठाऊक नाही त्याला सांगते. पावसाआधी, जिथं भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत, झाडांची छाटलेली टहाळं अंथरायची, वर माती भुरभुरायची आणि तो तुकडा भाजायचा. तण मरतं, रोप जोरात येतं. आमच्या भागात ज्याच्या घरी भात त्याच्या घरी राब. आमची शेतं जंगलाला चिकटून, म्हणून राबही जंगलाला चिकटून. वरून बघणाऱ्याला झाडांच्या कडेला काळा तुकडा दिसला आणि त्यानं आम्हाला आगलावे ठरवलं.

मी तशीच लॅपटॉप उचलून सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“यात नवा वर्ग घालायचाय. राब.”

“नवा वर्ग घालता येत नाही त्यात. आहेत तेवढेच.”

“मग हे शेतीत टाकू द्या.”

“तेही हातानं बदलता येत नाही. तोच तर फायदा आहे भूमिका, माणसाची ढवळाढवळ नाही.”

“ढवळाढवळ नाही, पण आरोप आहे.”

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, मॅडमना कळव. मी कळवलं. उत्तर आलं की सॉफ्टवेअर दुसऱ्या राज्यातल्या डोंगराळ भागात नीट तपासून घेतलेलं आहे, काळजी नसावी. तिथं भात करतात का, आणि करत असतील तर राब भाजतात का, असं मी परत विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही. आलं ते हमीपत्र. ज्या गावांवर लाल ठिपके आहेत त्यांच्या समितीच्या अध्यक्षांनी मे अखेरच्या बैठकीत सही करायची, की यापुढे गावकरी जंगलाला आग लावणार नाहीत. सही केली नाही तर यंदाच्या आराखड्यातून गाव बाहेर.

आमच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे दामूकाका, माझे सख्खे चुलते. जंगलातला बांबू आणि गवत गावाच्या ताब्यात यावं म्हणून या माणसानं शहापूरला किती खेटे घातले, ते मी लहानपणापासून बघत आले. मी रविवारी घरी गेले तेव्हा ते अंगणात टोपलीचा काठ बांधत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“करतो गो सही. एका सहीनं काय हाताला काटा टोचनार हाय? आराखडा तरी मिलंल.”

“काका, सही केली म्हणजे जंगल आपण जाळलं असं आपणच लिहून दिलं.”

“लिवूं दे. जंगलाला म्हाईत हाय कोनी जाळला नि कोनी राखला.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी काय?”

“सही केल्यावर पुन्हा लाल ठिपका दिसला तर गाव कायमचं बाद, असं त्यात लिहिलंय. राब भाजला की ठिपका येणारच.”

आता काकांचे हात थांबले. त्यांनी अंगणाच्या कडेला पाहिलं. तिथं आमच्याच राबाची राख अजून काळी पडलेली होती.

“म्हंजी भात कसा करायचा, त्यो तुजा कॉम्प्युटर सांगनार आमाला?”

“माझा नाही. माझ्यात राब लिहिता येतो.”

“मंग सही नाय,” काका म्हणाले. “पन मला तिथं बोलाया जमनार नाय गो. इंग्रजी फाडतील, नि मी गप बसन. तू बोलशील?”

बोलेन म्हणाले, आणि रात्रभर कूस बदलत राहिले. सही न केल्यानं गाव बाहेर पडलं तर ते माझ्या डोक्यावर बसणार होतं. शिवाय माझं कंत्राट जूनमध्ये संपत होतं आणि त्यावर सही करणार होते संदेश सर. बैठकीच्या सकाळी जिन्यात गाठून त्यांनी मला ते आठवणही करून दिलं.

“आज जुना लॅपटॉप उघडू नकोस. शुक्रवार उलटून गेला तरी त्यातलं तू काही काढलं नाहीस, ते मला माहीत आहे. मॅडम पहिल्यांदा येतायत. काकांना म्हणावं सही करा, पुढचं पुढे बघू.”

“पुढचं बघायला राब लागतो सर.”

“तुझं कंत्राट मी कशाच्या जोरावर पुढे नेऊ, सांग मला.”

“नाही नेलंत तर नाही नेलंत,” मी म्हणाले. जीभ काही ऐकत नव्हती.

तालुक्याच्या सभागृहात पंखे गरगरत होते आणि वारा कुणालाच लागत नव्हता. गावोगावच्या समित्यांची माणसं टोप्या मांडीवर घेऊन बसली होती. रंजिता मॅडमनी पडद्यावर नकाशा लावला. बाई हुशार, बोलणंही गोड. आगीनं जंगलाचं किती नुकसान होतं ते त्यांनी मनापासून सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. खोटा होता तो फक्त पडद्यावरचा रंग. मग हमीपत्रं वाटली आणि पहिलं नाव पुकारलं ते आमच्या गावाचं.

दामूकाका उठले, टेबलापर्यंत गेले, पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

“सही नाय करनार,” ते म्हणाले. “आमी जंगल जाळला नाय. बाकीचा आमची पोरगी सांगल.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सर पहिल्या रांगेतून डोळे वटारत होते. मी लॅपटॉप काखेत मारून पुढे गेले, पण तो उघडला नाही.

“मॅडम, नकाशा तुमचाच राहू दे. फक्त जरा मुरबाडकडे सरकवा. म्हसा. अजून थोडं खाली. त्या वस्तीवर मोठा करा.”

मॅडमनी केला. कौलारू घर, मागे विहीर, विहिरीवर वाकलेलं एक झाड, आणि झाडापलीकडे ठसठशीत लाल ठिपका. जळालेलं जंगल.

“हे घर कुणाचं आहे ते मी सांगणार नाही,” मी म्हणाले. “ज्याचं आहे त्यानं सांगावं. तिथं जंगल कुणी जाळलं तेही त्यानंच सांगावं.”

सभागृहात कुणीतरी खोकलं. मी सरांकडे बघत होते. आधी त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग ते खुर्चीत पुढे झुकले. विहीर ओळखली असावी. मग आंबा. मला वाटलं हा माणूस आता माझ्यावर ओरडणार.

“भूमिका, मुद्दा काय आहे?” मॅडमनी विचारलं.

आता मी लॅपटॉप उघडला आणि प्रोजेक्टरच्या तारेला जोडला. आमच्या पाड्याच्या त्याच तुकड्यांचे गेल्या ऑक्टोबरातले फोटो. प्रत्येक ठिपक्याच्या जागी पिकलेलं भात.

“ऑक्टोबरात जिथं भात उभं होतं, तिथं सहा महिन्यांत जंगल उगवून जळालंसुद्धा का मॅडम? हे राब आहेत. रोपांची जागा.”

“पण राबासाठीही झाडांच्या फांद्या तोडतातच ना? शेतीखातंसुद्धा तो नको म्हणतं.”

“म्हणू दे. त्यावर भांडू आपण, पाहिजे तेवढं. काकाही भांडतील. पण राबावर भांडायचं तर आधी त्याला राब म्हणा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो शब्द घालता येत नाही, माझ्या फुकटातल्यामध्ये येतो. मग आवश्यक कुठलं ते तुम्हीच सांगा.”

मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि एकट्याचीच वाजली म्हणून थांबली. मॅडमचा चेहरा पडला. “हे नंतर ऑफिसमध्ये बोलू,” त्या म्हणाल्या. “आत्ता प्रक्रिया पूर्ण करू या. दामूजी, सही नसेल तर मला तुमचं गाव वगळावं लागेल.”

काकांनी टोपी डोक्यावर चढवली. ते चालले होते. एवढं बोलून शेवटी गाव घालवलंस, असं माझं मलाच वाटलं.

तेवढ्यात सर उठले. टेबलाजवळ येऊन त्यांनी आमच्या गावाचं हमीपत्र उचललं, त्याची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

“थांबा काका,” ते म्हणाले. मग पडद्यावरच्या लाल ठिपक्याकडे हात केला. “मॅडम, ही सही घ्यायचीच असेल तर पहिली माझ्या आईची घ्यावी लागेल. ते घर माझं आहे. त्या आंब्यापलीकडच्या राबावर मी लहानपणी शेण वाहिलंय.”

“संदेश, तुम्ही तरी समजून घ्या. सॉफ्टवेअर म्हणतंय…”

“सॉफ्टवेअरला काय म्हणायचं ते म्हणू दे.” सरांचा आवाज चढला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो म्हशाचा झाला. “आमी जंगल जाळत नाय. आमी राब भाजतो. भूमिका, तुजा नकाशा लाव.”

काका दारातून परत आले आणि पहिल्या रांगेत सरांच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी नकाशा लावला, नवा वर्ग उघडला आणि सगळ्यांना दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, राब. मग पहिला तुकडा म्हशाचा भरला.