सगळ्या शेडांना एकच दर

कवठे महांकाळच्या अजितकुमार शेटनी भाषण असं पाठ केलं होतं की झोपेतसुद्धा अडखळले नसते. कारणही तसंच होतं. सरकारला परदेशी बँकेकडून मोठं कर्ज हवं होतं आणि बँकेनं अट घातली होती, की अख्ख्या धंद्याला मिळून मजुरीचा एकच दर ठरवायचा नियम काढून टाका. ज्यानं त्यानं आपल्या कामगारांशी बोलून ठरवावं. बोलणी अडली होती. म्हणून बँकेच्या बाई स्वतः बेदाण्याच्या शेड बघायला येणार होत्या, आणि व्यापाऱ्यांच्या वतीनं बोलायचा मान शेटना मिळाला होता.

तो एकच दर शेटच्या डोळ्यांत कुसळासारखा सलायचा. दरवर्षी सगळे व्यापारी आणि बेदाणा निवडणाऱ्या बाया एकत्र बसून किलोचा दर ठरवत, की तो सगळ्या शेडांना लागू. शेटच्या शेडला पंखे, वर दोनदा चहा. समोर मेहुण्याच्या, भरतेशच्या शेडला नुसते तापलेले पत्रे. तरी दर सारखा! नियम नसता तर आपल्याकडं बाया कमी दरातही आल्या असत्या. हे ते गुणमालाबाईंना रोज जेवताना ऐकवत. गुणमालाबाई भरतेशची सख्खी बहीण. त्या मुकाट आमटी वाढत.

पाहुण्या यायच्या दिवशी सकाळीच गावात आवई उठली, की नियम गेला. गेलाबिला काही नव्हता, पण गावाला तेवढं पुरतं. दिवाळीची मागणी तोंडावर, माल पडून, आणि निवडणाऱ्या बाया मोजक्याच. भरतेशनं सरळ शेटच्या दारात टेंपो लावला आणि किलोमागं रुपया जास्त देतो म्हणाला. बायांची मुकादम नूरजहां आत येऊन तसं सांगून गेली.

इथंच शेटचा घात झाला. उभा जन्म बेदाण्याच्या सौद्यात गेलेला. समोरून बोली आली की जीभ आवरायची नाही. ते दोन म्हणाले. टेंपोत बसलेल्या बाया उतरल्या. भरतेश अडीच म्हणाला, बाया चढल्या. शेटनी तीन म्हणून वर जिलेबी लावली. भरतेशनं जिलेबीवर भजी चढवली आणि जाता-येता टेंपोही. चढता-उतरता बायांना हसू आवरेना. एकीची चप्पल टेंपोत राहिली, ती तशीच अनवाणी उड्या मारत होती. आसपासच्या शेडांतले व्यापारी धावत आले ते समजूत घालायला, आणि तेही बोलीत उतरले. शेटना भीती वाटत होती आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती. इतका झकास सौदा कितीतरी वर्षांत झाला नव्हता. दुपार झाली तरी एकाही बेदाण्याची काडी निघाली नव्हती. दारात उभ्या गुणमालाबाई तोंडाला पदर लावून नवऱ्याकडं आणि भावाकडं आळीपाळीनं बघत होत्या.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. शेट टेंपोचा मागचा फाळका धरून लोंबकळत होते, भरतेश पुढचं दार. कामगार खात्याच्या प्राची मॅडमनी बँकेच्या बाईंची ओळख करून दिली आणि त्यांचा प्रश्न मराठीत सांगितला, की नियम काढून टाकण्याबद्दल व्यापाऱ्यांचं म्हणणं काय?

शेटनी भाषण आठवून बघितलं. पाठ केलेलं अक्षरही सापडेना. आत माल पडलेला, बाहेर टेंपो भरलेला, आणि भरतेश पुढचा आकडा बोलायला तोंड उघडून उभा.

"मॅडम, नियम ऱ्हाऊ द्या," शेट म्हणाले. "त्यो आमाला आमच्यापासनं वाचवतोय."

प्राची मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंना पटेना, त्यांनी पुन्हा विचारायला लावलं. या खेपेला सगळ्याच व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी ते लिहून घेतलं. शेटना अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्यांनी बायांना आत चला म्हणून हाक दिली.

नूरजहां टेंपोतून हलली नाही.

"म्हंजे शेट, सगळ्या शेडांना दर एकच."

शेट म्हणाले, तर काय.

"मग पाव्हण्यांच्या म्होरंच सांगा. कुटला? सकाळचा का आत्ताचा?"

शेटनी भरतेशकडं बघितलं. भरतेशनं बाकीच्यांकडं बघितलं. बाकीचे आपापल्या पायांकडं बघू लागले. टेंपोवाल्यानं गाडी सुरू केली.

"आत्ताचा," शेट म्हणाले.