डोहावरचा फेस

मी एक जुना डोह आहे. मेळघाटात, सेमाडोहच्या अलीकडे सिपना नदी काळ्या कातळाला वळसा घालते, तिथे माझा मुक्काम. किती जुना ते विचारू नका. डोहाला जन्मतारीख नसते. पुरात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळ कोरला आणि त्या खळग्यात जे पाणी अडकलं, ते मी. नदी पुढे निघून गेली, मी मागे राहिलो. स्वभावही तेव्हापासून तसाच, धरून बसणारा.

मित्रांनो, पावसाळ्यात माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सगळीकडेच पाणी, मग माझं कौतुक कुणाला? माझे खरे दिवस उन्हाळ्यातले. होळी सरली की सिपनेची धार तुटते, पात्रात नुसती वाळू उरते आणि तहानलेलं रान माझी वाट धरतं. सांबरं येतात, अस्वलं येतात, कधी पट्टेरी धनीही येऊन जातो. माणसं मात्र मला भिऊन असत. माझ्यात साती आसरा, पाण्यातल्या सात देवता, राहतात म्हणे! बाया काठावर हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या ठेवत आणि मागे न बघता परत जात. आसरा आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. स्वतःचा तळ मी तरी कुठे पाहिलाय?

साठ सालानंतरची गोष्ट. मे महिन्यात अकोल्याहून, जठारपेठेतल्या एका शाळेच्या मुली शिबिराला आल्या. बरोबर विज्ञान शिकवणाऱ्या कुंदाबाई आणि स्वयंपाकाला पार्बताबाई. पोरीबाळींना जंगलात नेतात म्हणून पालकांनी आधीच नाकं मुरडली होती. काही वावगं घडलं असतं तर पुन्हा शिबिराचं नाव कुणी काढलं नसतं. त्यात कुंदाबाईंनी गावकऱ्यांना शब्द दिला होता, की पाणी जसं मिळालं तसंच ठेवून जाऊ. हे मला कसं कळलं म्हणाल, तर माझ्या काठचा कातळ बसायला सपाट आहे आणि मुलींची तोंडं काही बंद नसतात.

साबणावरून म्हणे अकोल्यात बराच खल झाला होता. वासाच्या वड्या नकोत, धुण्याचा सोडा तर नकोच. शेवटी रिठे न्यायचे ठरले. कुंदाबाईंच्या घरी रेशमी लुगडी रिठ्यानेच धुवायचे आणि ते पाणी मोरीतून परसातल्या केळींना जायचं. केळी त्यावर चांगल्या पोसल्या होत्या. "झाडाचं फळ आहे ते," बाई मुलींना म्हणाल्या. "रानातलंच रानाला दिलं तर रान कशाला रागावेल?" शिवाय वाहत्या पाण्याला विटाळ नसतो, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. मी वाहत नव्हतो, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी मुली टोपलीभर रिठे कुटून माझ्यात उतरल्या. केस धुतले, परकर धुतले, चादरी धुतल्या. पांढराशुभ्र फेस झाला. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. इतकी पोरं माझ्या पाण्यात कधी खेळली नव्हती.

मुली गेल्या, फेस गेला नाही. वारा नव्हता, धार नव्हती, तरी तो माझ्या अंगावरून हळूहळू फिरत राहिला, काहीतरी शोधत असल्यासारखा. अंधार पडल्यावर एक सांबर आलं. त्याने तोंड खाली नेलं, हुंगलं, पाय आपटला आणि तहानलेलंच माघारी फिरलं. बेडूक ओरडले नाहीत. माझ्या आत रोज जी वळवळ असते, ती एकेका कोपऱ्यातून थांबत चालली. मला भीती वाटू लागली.

सकाळी पार्बताबाई भांडी घासायला आल्या आणि काठावरच थबकल्या. फेसाखाली चंदेरी पोटं दिसत होती. बोटाएवढे मासे, वितीएवढे मासे, सगळे उताणे. काही मेलेले, काहींचे कल्ले अजून हलत होते.

"बाई, आसरा कोपल्या!" पार्बताबाईंनी हाकाटी केली. "कावून उतरू देल्लं पोरींले तिन्हीसांजच्या पाण्यात? ओटी भरा अन् गाडी बोलवा. मले तं इथं घडीभर थांबाचं नाई."

मुली एकमेकींना बिलगल्या. त्यातली तारा नावाची चुणचुणीत पोरगी हळूच म्हणाली, "बाई, आसरा आपलेच मासे कावून मारतील?"

कुंदाबाईंनी दोन तांबे मागवले. एकात माझं पाणी घेतलं, दुसऱ्यात गावच्या विहिरीचं, आणि दोन्हीत एकेक धुगधुगी असलेला मासा सोडला. माझ्या पाण्यातला मासा तसाच उताणा राहिला. विहिरीच्या पाण्यातला डगमगला, कुशीवर वळला आणि सरळ पोहू लागला.

"आसरांनी काही केलं नाही, पार्बताबाई," कुंदाबाई म्हणाल्या. "मी केलं. घरी रिठ्याचं पाणी मातीत जिरायचं. इथं ते यांच्या कल्ल्यांत गेलं."

पार्बताबाईंची भीती काही गेली नव्हती. तरी त्यांनी पदर खोचला, वरणाचा गंज रिकामा केला आणि बिचकत पाण्यात पाय टाकला. "माह्या गंजात जास्त मावतीन. भरा पोरीहो, पाहून काय राहिल्या?"

उन्हं चढेपर्यंत मुली विहिरीचं पाणी आणत होत्या, जिवंत मासे वेचत होत्या आणि नदीच्या वरच्या अंगाच्या दुसऱ्या डोहात नेऊन सोडत होत्या. पुष्कळ वाचले. त्याहून जास्त मेले. पुढचे सगळे दिवस धुणंपाणी लांब झाडीत, खड्डा खणून झालं. निघताना कुंदाबाई गावकऱ्यांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. दिलेला शब्द मोडला होता, आणि तो कुणामुळे मोडला हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

मग पाऊस येईपर्यंत मी रिकामा होतो. प्यायला कुणी येईना. भर दुपारी, वारा नसताना, कधी कधी माझ्या मध्यावर तरंग उठे. आत एकही मासा नव्हता. कुणाचा तो तरंग, हे मी अजूनही स्वतःला विचारत नाही.

मित्रांनो, रानात येताना कोणता साबण आणायचा यावर खुशाल वाद घाला. सौम्य असेल तोच निवडा, आणि थोडाच आणा. पण वडी असो की रिठा, माझ्यात उतरून फेस करू नका. बादलीभर पाणी काढा, काठापासून चांगले लांब जाऊन धुवा आणि ते फेसाचं पाणी तिथल्या मातीत ओता. मातीला जिरवता येतं, मला नाही येत. तुम्हाला घरी न्यायला गाडी येते. माझ्या माशांना बाहेर पडायला एक दारसुद्धा नसतं.