फौजदारांचे कोरडे तांदूळ

पोलीस ठाण्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. तांदूळबाबा आले होते ना! त्यांचे मंतरलेले तांदूळ चावले, की कितीही बेरका चोर उघडा पडतो, अशी ख्याती.

चोरीला गेली होती दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या सासूबाईंची सोन्याची बांगडी. संशय नळवाल्यावर. पुरावा काय? तो सकाळी न्हाणीघरातली तोटी बदलून गेला होता, आणि फौजदारांच्या मते त्याची नजरच चोरटी होती.

"खऱ्याचे ओले, खोट्याचे कोरडे!" बाबा डोळे मिटून गरजले. "तांदूळ माणूस बघत नाहीत, मीही बघत नाही!"

फौजदारांनी टेबलावर दंडुका आपटला. "चाव रे! कोरडे निघाले तर थेट कोठडी!"

नळवाला थरथरत चावू लागला. कागदावर थुंकला, तर भुकटी कोरडी ठक्क. "चोर! चोर!" गर्दी ओरडली.

"अहो, घरी पोरं वाट बघतायत," तो कसाबसा म्हणाला.

सासूबाईंना घेऊन आलेल्या डॉक्टरीणबाईंना त्याची कणव आली आणि बाबाचा भयंकर राग. दवाखान्याच्या खुर्चीत बसताक्षणी सुकणारी तोंडं त्या रोज बघत होत्या. ती काय सगळी चोरांची?

"साहेब, तुम्हीही चावा की. लोकांना फरक तरी कळेल."

"आणा इकडे!" फौजदारांनी ऐटीत चिमूटभर तोंडात टाकले.

"मोठ्या साहेबांना फोन केलाय हं," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "तपास सोडून बाबा बोलावलाय, म्हटलं. निघालेत ते."

फौजदारांचा चेहरा खर्रकन उतरला. जबडा हलत राहिला, पण तोंडाला पाणी सुटेना. त्यांनी थुंकलेला कागद बाईंनी गुपचूप बाबाच्या हातात दिला. बाबाने डोळे न उघडता तो चाचपला.

"कोरडे! हाच चोर! घाला बेड्या!"

असा हशा पिकला, की सासूबाईही पोट धरून हसल्या. बाबाने डोळे उघडले आणि लगेच दार शोधलं.

"फोन केलाच नव्हता," बाई म्हणाल्या. "माणूस घाबरला की लाळ आटते. मंत्र एवढाच. आई, या नळवाल्याचं तोंड दंडुक्याने सुकलं, तुमच्या बांगडीने नव्हे."

फौजदारांनी पाणी मागवलं. "आधी त्यांना द्या," बाईंनी नळवाल्याकडे बोट दाखवलं. मग फौजदारांनी वही उघडली आणि पहिल्यांदाच विचारलं, "आजी, बांगडी शेवटची कधी पाहिली होती?"

बांगडी कुणी नेली, ते अजून ठाऊक नाही. लोकहो, ठाऊक नसेल तर तसं म्हणावं, विचारावं, तपासावं. घाबरलेला चेहरा म्हणजे गुन्हा नव्हे. नळवाला त्या दिवशी पोरांकडे गेला, तो कोणाच्या कृपेने नाही, कुणीतरी डोकं चालवलं म्हणून.