समुद्र न पाहिलेला खांब

मी पर्सिव्हल बॉडनहॅमच्या इंग्लंडातल्या हेरफर्डशरमधल्या घराचा कोपऱ्याचा खांब बोलतोय. आधीच सांगतो, मी जहाजाचा नाही. हा माणूस दर रविवारी पाहुण्यांना चहा पाजतो, माझ्या कमरेतली रिकामी खाच दाखवतो आणि म्हणतो, "आरमारी जहाजाचं लाकूड. तोफ इथे अडकवायचे." पाहुणे खाचेत बोटं घालतात आणि 'अरे वा' म्हणतात. डोंबल तुमचं!

मी मागच्या रानातला ओक. ओला असतानाच मला तासलं. सुतारानं खाचेशेजारी चार रेघा कोरल्या, तशाच चार त्या खाचेत बसणाऱ्या माझ्या तिरक्या टेकूवर. कोणी कोणाला धरायचं याचा घोळ नको म्हणून. साडेतीनशे वर्षं आम्ही एकमेकांना धरून होतो. मग पर्सिव्हलच्या आजोबांना बागेकडे मोठी खिडकी हवी झाली. टेकू आड येत होता. कापला आणि जाळला. फार शहाणं घराणं!

तेव्हापासून मी कलतोय. माझ्याच आधारावरच्या खोलीत पर्सिव्हलची थोरली बहीण हेस्टर झोपते. पलंग घरंगळू नये म्हणून तिनं त्याच्या दोन पायांखाली पुस्तकं ठेवली आहेत. यंदा भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली, तेव्हा डॉर्कस सुतारणीला बोलावलं. तिनं माझ्या रेघांवरून बोट फिरवलं आणि स्पष्टच सांगितलं, टेकू परत बसवा, अर्धी खिडकी जाईल. नाहीतर हिवाळ्याच्या वाऱ्यात हा कोपरा वरच्या खोलीसकट खाली येईल.

पर्सिव्हल म्हणाला, खाच बुजली तर पाहुण्यांना दाखवू काय? उन्हाळा सरल्यावर बघू. सख्ख्या बहिणीपेक्षा याला भोक प्यारं!

हेस्टर शांतपणे चहाबरोबरच्या स्कोनला, म्हणजे त्या छोट्या गोड पावाला, लोणी लावत होती.

"पर्सी, हे जहाजच ना?"

"अर्थात."

"मग कप्तानानं वर राहावं. माझं अंथरूण मी खाली आणते, तुझं तू वर ने."

आमचा कप्तान त्याच दुपारी वर जाऊन आडवा झाला. मी मुद्दाम काही केलं नाही, रोजच्यासारखा कुरकुरलो एवढंच. पाचव्या मिनिटाला साहेब नुसत्या मोज्यांवर खाली आले आणि डॉर्कसला फोन लावला.

आता माझ्या खाचेत ओल्या ओकचा टेकू आहे. नवखा आहे, पण घट्ट धरतो. पर्सिव्हल सांगत सुटलाय की ही दुरुस्ती त्याच्याच दूरदृष्टीनं झाली. तुम्ही कधी चहाला आलात तर पोटभर खा, पण त्याच्यापुढे माना डोलावू नका. तुमच्यासारख्यांनी माना डोलावल्या, म्हणून त्या बाईनं वीस वर्षं उतारावर झोप काढली.