बळदाच्या पलीकडं

“घाई करायची नाय. आधी घर पुरतं फिरायचं, मग नाव घ्यायचं. दारातच नाव घेतलं तर घर रुसतं, बाई.”

आवडाबाई हे सांगायची तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत शेणात असायचे आणि लेक केसर पाण्याची बादली घेऊन मागं मागं सरकत असायची. त्यांच्याकडच्या बायकांत लांब उखाण्याची रीत होती. दोन ओळींत नवऱ्याचं नाव उरकणारी पोरगी त्यांना कामचुकार वाटे. उखाणा कसा, तर अंगणातून निघावा, खोलीखोलीत थांबावा, प्रत्येक खोलीला तिच्या दोन ओळी द्याव्या आणि परसदारी पोहोचल्यावरच नाव यावं. आपलं घर असं तोंडपाठ करून सासरी गेलेल्या पोरीचं माहेर कुणाला हिरावून घेता येत नाही, असं आवडाबाईचं म्हणणं.

दौलताबादच्या पायथ्याला त्यांची वस्ती. अंगणात उभं राहिलं की किल्ला अंगावर आल्यासारखा दिसायचा. घर साधंच, मातीच्या भिंतींचं, पण खोलीत खोली निघत जाणारं. केसरनं आपला उखाणा परकरात असतानाच रचायला घेतला आणि तो पक्का करायला तिला गडी मिळाला मोतीराम. हा तिच्या आत्याचा मुलगा, शाळेसाठी मामाच्या घरी राहिलेला. आत्याच्या पोराला मामाची पोरगी, हे दोन्ही घरांनी कधीचं बोलून ठेवलेलं. त्यामुळं दोघं दिवसभर बरोबर असली तरी कुणी डोळे वटारत नसे.

त्यांचा एक खेळ होता. मोतीरामनं डोळे गच्च मिटायचे, केसरच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि तिनं ओळी म्हणत त्याला घरभर न्यायचं.

दार उघडतं पूर्वेला, ऊन येतं जोत्यावर,
जोत्यावरची रांगोळी, पाय नको पडू त्यावर.
ओसरीला टांगलाय बंगईचा पाट,
बंगईवर बसून बघते पाहुण्याची वाट.
ओसरीतून माजघर, माजघरात अंधार,
अंधारात देव माझा, समईचा आधार.

माजघरात भर दुपारीही काही दिसत नसे. डोळे मिटलेल्याला काय त्याचं, पण तिथं आलं की मोतीरामचा हात खांद्यावर घट्ट व्हायचा. केसर कधी लबाडी करून एखादी खोली गाळायची. तो बैलासारखा जागच्या जागी अडायचा. “एक खोली खाल्लीस,” म्हणायचा, आणि खोली परत मिळाल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. शेवटी परसदारी, सीताफळीखाली आलं की केसर थांबायची. शेवटच्या दोन ओळी तिनं रचलेल्या होत्या. त्यातली पहिली म्हणायची आणि नावाची दुसरी म्हणायच्या आत पळ काढायची. मोतीराम डोळे उघडून मागनं ओरडायचा, कोण उभं हाय ते सांगून तरी जा की.

ते सांगायचं राहिलं. आजोबा वारले आणि पद्धतीप्रमाणं लेकींनी भावाच्या नावानं हक्क सोडायचा होता. मोतीरामच्या आईनं अंगठा द्यायला नकार दिला. तिला आडाजवळचा तुकडा हवा होता. केसरचे वडील कडूबा बहिणीला बोलायचं ते बोललेच, पण त्याच संध्याकाळी त्यांनी भाच्याची पत्र्याची पेटी उचलून ओसरीवर आणून ठेवली. पुढच्या लगनसराईत केसरचं लग्न साहेबरावांशी झालं. वाळूजला नवे कारखाने उठत होते, त्यातल्या एकात त्यांना नोकरी होती.

सासरच्या उंबऱ्यावर माहेरच्या बायका कान टवकारून उभ्या होत्या. केसरच्या लांब उखाण्याचा बोलबाला होता. केसरनं दोन ओळींत नाव घेतलं आणि माप ओलांडलं. मावश्या एकमेकींकडं बघून फिसकन हसल्या. आवडाबाई हसली नाही. तिनं नुसता पदर सारखा केला.

आता आवडाबाई नाही, कडूबा नाहीत. भावांनी जागा विकली. तिथं एका हॉटेलाची गाड्या लावायची जागा झाली आहे. सीताफळीचं झाडही गेलं. श्रावणी सोमवारी वेरूळला जाताना बस त्या वळणावर आली की केसरबाई पदर डोक्यावर ओढून दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघतात. त्यांना नातवंडं झाली. साहेबराव निवृत्त होऊन घरी बसले. चातुर्मासात केसरबाईंचं सकाळचं मौन असतं. उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि मौन सुटल्यावर पहिला शब्द देवाच्याच नावाचा. आजवर एकदाही मोडलं नव्हतं.

भाद्रपद संपत आला होता तेव्हाच्या एका सकाळी रूपा आली. रूपा म्हणजे मोतीरामची बायको. फुलंब्रीहून पहिल्या जीपनं निघालेली, केस नीट विंचरलेले नाहीत, पायातल्या चपला दोन जातीच्या. केसरबाईंनी फुलं ओवता ओवता ओठांवर बोट ठेवलं. रूपाला कळलं. ती देव्हाऱ्याच्या दाराशी भिंतीला टेकून बसली आणि खालच्या आवाजात बोलत राहिली.

मोतीरामला लकवा मारला होता. दवाखाना झाला, आता घरी आणलं होतं. डॉक्टरांनी सेवा करा म्हणून सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ तिला समजला होता. डावं अंग गेलं, बोलणं बरंचसं गेलं. उरलं ते एवढंच.

“रातंदिस एकच चाललंय, ताई. माजघरात अंधार, अंधारात, अंधारात... आन् तिथंच थांबत्यात. चांगल्या हातानं हवेत चाचपडत्यात. मला वाटलं दिसत नसंल, म्हणून भर दिवसा घरभर दिवे लावले. तरी रडत्यात. दूध दिलं तर तोंड मिटून घेत्यात. काल मला म्हणाले, केसरला इचार, पुढं कुठं जायचं.”

केसरबाईंच्या बोटांतली सुई थांबली.

“मरणाला मी भीत नाय,” रूपा म्हणाली. “पण माणूस असा अंधारात अडकून जाऊ नये. ते काय हाय ते तुमालाच ठाऊक. बोलू नका, तुमचं तोंड धरलेलं हाय. नुसती मान हलवा. येता का नाय?”

केसरबाई वातीकडं बघत राहिल्या. रोज मौनातच त्या दूधवाल्याला हातवारे करून अर्धा लिटर जास्त मागत, शेजारणीला खुणेनं साखर देत. मान हलवायला व्रत आड येत नव्हतं. पण मान हलवली की ती खोली उघडणार, मग तिच्या पुढची, आणि सगळ्यांच्या शेवटी सीताफळीखाली जे उभं होतं ते. लग्न झालेल्या बाईनं उखाण्यात एकच नाव घ्यायचं असतं. त्या हलल्या नाहीत.

रूपानं बराच वेळ वाट बघितली. मग ती उठली. “बरं,” म्हणाली. “देवाचं मोडाया नाय आले मी.” पाण्याचा पेला तसाच ठेवून ती निघून गेली.

त्या दिवशी पूजा होता होईना. वात दोनदा विझली. गंध उगाळताना खोड हातातून निसटलं. डोळ्यांपुढं एक म्हातारा होता, आणि म्हातारा कसला, परकरातल्या पोरीच्या खांद्यासाठी हात पुढं केलेला पोरगा होता, आणि खांदा जागेवर नव्हता. देवापुढं बसून आपण देवाच्या मागं लपलो, हे त्यांच्या लक्षात आलं. गुळखोबऱ्याचा नैवेद्य कसाबसा दाखवला. मौन सुटलं. देवाचं नाव घ्यायच्या आधी त्यांनी रूपाला फोन लावला.

रूपा बसमध्ये होती. गोंगाटात नीट ऐकू येत नव्हतं. केसरबाईंनी पहिल्यांदा माफी मागायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग म्हणाल्या, “मी येते. आजच येते. पुढं कुठं जायचं ते त्याला दाखवते, पार शेवटापर्यंत. शब्द देते तुला.”



“शेवटाला नाव असंल ना?” रूपानं विचारलं.

“व्हय.”

“त्यांचंच?”

रूपानं उत्तराची वाट बघितली नाही. ती म्हणाली, “मग माझ्यासमोर घ्या. फक्त मला भाईर जा म्हणू नका.” आणि फोन बंद झाला.

साहेबराव बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसले होते. दोन खोल्यांमध्ये दार नव्हतं, पडदा होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. केसरबाईंनी तरीही समोर बसून सगळं सांगितलं, खेळासकट, काही गाळलं नाही. साहेबराव काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला करत राहिले.

“म्हणजे लांबचा उखाणा त्याचा होता,” ते शेवटी म्हणाले. “तुझ्या मावश्या हसल्या तेव्हा मीबी हसलो होतो. मला वाटलं पोरगी लाजली.”

“लाजले नव्हते.”

“माझ्या नावातलं राव यमकात जुळवायला काय लई अवघड नव्हतं. गाव हाय, नाव हाय, ठाव हाय. कारखान्यात आमी जेवणाच्या सुट्टीत असले दहा जुळवायचो.”

ते थट्टेनं बोलले, पण हातातली जुडी त्यांनी पानांसकट काड्यांत टाकली. केसरबाई म्हणाल्या, तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही. म्हणताना त्यांना कळत होतं की हे खोटं आहे. साहेबरावांनाही कळत होतं. त्यांनी पुढची जुडी सोडली.

मग केसरबाई आत आल्या आणि घाबरल्या. तिथं जाऊन अडखळायला नको म्हणून एकदा घोकून घ्यावं, असं त्यांच्या मनात आलं. दार आलं, बंगई आली, माजघर आलं, समई आली. पुढं भिंतीतलं धान्याचं कोठार, त्याला घरात बळद म्हणत.

देवघराला लागून बळदाची भिंत,
बळदात जोंधळा, मला कशाची खंत.

आणि पुढं काही नाही. एकदम परसदार.

परक्याच्या घरासारखं सगळं कोरं. त्यांनी पुन्हा दारापासून सुरुवात केली, पुन्हा बळदाशी आल्या, पुन्हा कोरं. बळदातून परसात जाता येत नव्हतं, मध्ये एक खोली नक्की होती, तिच्या दोन ओळी नक्की होत्या. इतकी वर्षं त्या उखाण्याला हात लावला नव्हता, तर घरानं एक खोली बंद करून घेतली. त्यांनी डोळे मिटले, खांद्यावर स्वतःचाच हात ठेवून स्वयंपाकघरात फिरून बघितलं. भिंत आठवली, दार आठवलं, आत काहीच नाही. विचारणार कुणाला. आईला कुठून आणायचं, भाऊ तर तेव्हा रांगत होते. खोली गाळून गेलं तर मोतीराम अडेल. अंधारातून काढून बळदाशी अडवायचं, याच्यापरीस न गेलेलं काय वाईट. पण शब्द दिला होता. केसरबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

त्या पडद्याशी गेल्या. जावई म्हणून साहेबराव त्या घरात किती दिवाळ्या, किती अधिकमास जेवून आले होते. तरीही विचारायला जीभ उचलेना.

“आमच्या माहेरी,” त्या म्हणाल्या, “बळदाच्या पलीकडं काय होतं वो?”

साहेबरावांनी वर बघितलं. कशासाठी विचारते आहे, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी हातातली काडी खाली ठेवली.

“चूल,” ते म्हणाले. “चुलीची खोली. कौलातून एक कवडसा पडायचा, त्यात तुझी आई बसायची. दूध वर आलं की दुधाशी बोलायची. थांब बाई, थांब, धीर धर. पयल्या दिवाळीला मला वाटलं, आत दुसरं कुणी हाय.”

केसरबाईंचे ओठ आपोआप हलले.

बळदाच्या पलीकडं चुलीची खोली,
चुलीवरल्या दुधाला आईची बोली.

मग परसदार आलं, आड आला, आडाच्या काठची सीताफळी आली. पुढं घराला प्रणाम होता, आणि त्याच्या पुढं एक ओळ, जी त्यांनी उभ्या आयुष्यात आवाज काढून म्हटली नव्हती. ती त्यांनी आत्ताही म्हटली नाही.

“सापडली?” साहेबरावांनी विचारलं.

“सापडली.”

“आल्यावर मला काय सांगू नको.” त्यांनी काड्यांतली पानं परत वेचायला घेतली. “घेतलं का नाय घेतलं, कसं घेतलं, काय सांगू नको.”

केसरबाईंना त्यांच्या पायांना हात लावावासा वाटला, पण तसं करणं त्यांनाच लाजवणं झालं असतं. त्यांनी भात झाकून ठेवला, आमटी कुठं आहे ते सांगितलं. साडी बदलली नाही. आरशात बघितलं नाही. रूपानं न प्यायलेला पेला उचलून तुळशीत ओतला, पायांत चपला सरकवल्या आणि फाटक आवाज होऊ न देता ओढून घेतलं. हर्सूलला जाणारी सिटी बस नाक्यावर उभी होती, तिथून फुलंब्रीची जीप मिळायची. मोतीराम त्यांच्या पोहोचण्यापर्यंत राहील की नाही, हे कुणाला ठाऊक नव्हतं. केसरबाई भराभर चालू लागल्या, ओठांत दारापासून सुरुवात करत.